पंप गप्प होता

मागच्या मे महिन्यात नाशिकच्या त्र्यंबक रोडला, महिरावणी सोडल्यावर, माझी जुनी एमजी गाडी परत बंद पडली. सलग चौथा रविवार. इंदिरानगरहून सकाळी साडेआठला निघालो तेव्हा इतकी गोड चालत होती की म्हटलं झालं, गेला रोग, आज अंजनेरीला जाऊन चहा पिऊनच यायचं. सातपूर गेलं, पिंपळगाव बहुला गेलं, आणि मग वीस-पंचवीस मिनिटं झाली न झाली तोच परत तेच. आधी एक बारीक झटका, मग दोन-तीन, मग सायलेन्सरमधून फटाका, आणि इंजिन शांत. कडेला बाभळीखाली घेतली, बॉनेट उघडलं, पाणी प्यायलो, वीस मिनिटं बसून राहिलो, मग सेल्फची नॉब ओढली तर पहिल्या झटक्यात चालू. जसं काही झालंच नव्हतं.

ज्याने जुनी गाडी पाळलीय त्याला विचारा, एकदाची कायमची बंद पडलेली गाडी परवडते, पण ही अशी गरम झाली की रुसणारी आणि थंड झाली की हसणारी गाडी झोप घालवते, कारण मिस्तरीच्या दारात नेईपर्यंत बिघाड पळून गेलेला असतो आणि आपण नुसते तोंडाने वर्णन करत बसतो.

गाडी म्हणजे एमजीए १५००, १९५८ सालची, दोन सीटची, उघडी. हल्ली एमजी म्हटलं की लोकांना हेक्टरच आठवते, ते साहजिक आहे, पण एमजी म्हणजे मूळचं ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस, आणि ही गाडी तिथून जवळच ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनायची. १९५५ ला आली, १९६२ ला बंद झाली, एक लाखाच्या वर बनल्या आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या इंग्लंडच्या बाहेर, जास्त करून अमेरिकेत गेल्या. माझी देवळालीच्या एका पारशी काकांकडे होती. २०११ ला घेतली तेव्हा बारा वर्षं शेडमध्ये उभी, टायर बसलेले, सीटच्या गादीत उंदरांनी संसार थाटलेला. काकांनी किल्ली हातात ठेवताना एवढंच सांगितलं, "डिकरा, रोज नाय चालवली तरी चालेल, पन पंधरा दिवसात एकदा फिरव हां." तेवढं मी आजपर्यंत पाळलंय, पावसाळ्यात सुद्धा, कॉलनीतल्या कॉलनीत का होईना.

घेतली तेव्हा मला सगळ्यांनी वेड्यात काढलं की अरे इंग्लंडची गाडी, पार्ट कुठून आणणार. आणि इथे नाशिकमध्ये मला जी गोष्ट कळली ती मला कुणीच आधी सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहितोय. ह्या गाडीचं इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बॅसिडरच्या इंजिनची सख्खी बहीण आहे. दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी सिरीज घराण्यातल्या, दोन्ही १४८९ सीसी. हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून ॲम्बॅसिडर काढली आणि पुढे तिच्यात हेच इंजिन आलं. एमजीला दोन कार्बोरेटर आहेत, कॉम्प्रेशन जास्त आहे, पण ब्लॉककडे बघितलं की नातं लगेच कळतं. मागच्या बाजूला क्रँकला ऑइल सील नाही, नुसते आटे पाडलेत जे फिरता फिरता तेल आत ढकलतात, त्यामुळे गाडी जिथे उभी तिथे खाली तेलाचा एक डाग. आठवतो का ॲम्बॅसिडरचा तो डाग? सरकारी विश्रामगृहाच्या पोर्चमध्ये हमखास असायचा. तोच.

म्हणजे काय, तर ही गाडी नाशिकला परकी नाहीये. जो माणूस तीस वर्षं ॲम्बॅसिडर खोलत आलाय त्याचे हात हिला आधीपासून ओळखतात. तो माणूस मला वडाळा नाक्याला सापडला. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. आता चौऱ्याहत्तरचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मुलगा मोबाइल रिपेअरिंग करतो, गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि बाहेर खाट. पहिल्यांदा मी गाडी टो करून नेली तेव्हा त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग टॅपेट कव्हरवर हात ठेवून म्हणाले, "ही तर आपल्या घरचीच आहे की रे बेटा. दोन काबुरेटर लावून नटलीय फक्त."

चाचांकडे इंचाचे पाने आहेत. हे सांगायला छोटं वाटतं पण ह्या गाडीसाठी हेच अर्धं काम आहे. आजकाल कुठल्याही गॅरेजात जा, सगळे पाने एमएमचे. १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटवर बसतो, बसतो म्हणून पोरं लावतात, पण तो तसूभर ढिला असतो, जोर दिला की नटचे कोपरे मरतात, आणि एकदा नट गोल झाला की मग छिन्नी-हातोडी आलीच. चाचा अजून सुतात बोलतात. "साडेतीन सूत दे", "साडेचारची रिंग दे". साडेतीन सूत म्हणजे ७/१६, चार सूत म्हणजे अर्धा इंच, साडेचार म्हणजे ९/१६. ह्या तीन पान्यांत निम्मी एमजी खुलते. मी त्यांच्याकडूनच एक जुना संच घेतला आणि पहिल्या वर्षी फक्त त्यांच्या शेजारी बसून पाने देत राहिलो. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, मायक्रोमीटर रोज हातात असतो, पण नट कधी "बोलतो" आणि अजून पाव फेरा दिला तर बोल्ट तुटेल हे मोजून कळत नाही, ते मनगटाला कळावं लागतं आणि ते शेजारी बसूनच येतं.

गाडी १९९९ च्या सुमाराला उभी राहिली होती, आणि आपल्याकडे शिशाचं पेट्रोल सगळीकडून बंद झालं १ फेब्रुवारी २०००ला. म्हणजे ही सगळं आयुष्य शिशाच्या पेट्रोलवर चाललेली. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला गादीसारखं काम करायचं, ते गेलं की एक्झॉस्टची बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत आत जातो आणि टॅपेट आपोआप टाइट होत जातात. म्हणून पहिलं मोठं काम इंजिनाच्या हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागाचं, केलं, सातपूरला एका मशीनशॉपमध्ये कडक पोलादाच्या रिंगा बसवून घेतल्या. त्यानंतर दर सहा महिन्यांनी इंजिन गरम असताना टॅपेटची फट बघतो, १७ थाऊ, म्हणजे इंचाचे १७ हजारांश, फट मोजायची पट्टी, म्हणजे फिलर गेज, किंचित अडकत सरकलं पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तसं नाही आणि ओढायलाही लागू नये. आजपर्यंत फारसे हललेले नाहीत. ते काम मी डोळे झाकून कुणालाही करायला सांगेन, जुनी गाडी घेतलीत तर रंगाच्या आधी हेड करा. मला लोक येऊन विचारतात रंग कधी करणार, क्रोम कधी करणार. माझा रंग पन्नास ठिकाणी उडालाय. पण ब्रेक ऑइल मी दर दोन वर्षांनी बदलतो, चारही चाकांना ड्रम आहेत, हवा काढायला मुलगी पेडलवर बसते आणि "दाब, धर, सोड" असा आमचा अर्धा तास जातो. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या निपलला हजार मैलांनी ग्रीस. रंग उडाला म्हणून कुणी मरत नाही, ब्रेक गेला तर मरतो.

रेडिएटरची गोष्ट तर सांगायलाच हवी. तीन वर्षांपूर्वी खालच्या टाकीच्या जोडाला पाझर लागला. दोन ठिकाणी दाखवला, दोघांनी सांगितलं साहेब हे पितळ-तांब्याचं काम आता कोणी करत नाही, ॲल्युमिनियमचा बनवून देतो. मन होईना. आईला हे बोलता बोलता सांगितलं तर ती म्हणाली, "अरे बंबाला डाख द्यायचा तांबट आहे ना जुन्या नाशकात, त्याला विचार." मला जे सुचलं नव्हतं ते तिला पटकन सुचलं. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी आख्ख्या महाराष्ट्रात जातात, हंडे, घागरी, बंब, आणि रेडिएटर म्हणजे शेवटी काय, तांबं, पितळ आणि कथलाचा जोड.

गेलो गल्लीत. दुकानात ठोक्यांचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागत होतं. त्यांनी रेडिएटर मांडीवर घेतला, उलटा केला, जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा बंबच आहे की, फक्त पाणी गार करतो." जुना डाख पूर्ण उतरवला, नुसता वरून थापला नाही, ब्रशने घासून तांबं लाल दिसेपर्यंत साफ केलं, नवसागर मारला आणि मग खय्या, म्हणजे डाख द्यायचं हत्यार, तापवून डाख असा पळवला की जोडाच्या कडेने चांदीची रेघ धावत गेल्यासारखी दिसली. दोन तोंडं बंद करून तिसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि हौदात बुडवला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. एक बुडबुडा नाही. आजपर्यंत थेंब गळलेला नाही. त्यांनी जे पैसे सांगितले त्याच्या दुप्पट मी दिले आणि तरी मला ते कमीच वाटतात.

बाकीची कामं पटपट सांगतो. ह्या गाडीची जमीन लाकडी असते, पाच-सहा प्लायचे तुकडे चासीवर स्क्रूने बसवलेले, ते कॉलनीतल्या सुताराने मरीन प्लायमध्ये जुन्यावर आखून करून दिले. बॅटऱ्या मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे एक डावीकडे एक उजवीकडे, आता एकाच बाजूला लहान १२ व्होल्टची बसवलीय. आणि हिला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. पहिल्याच वर्षी एका बॅटरीवाल्याच्या पोराने सवयीने मायनस बॉडीला जोडला, मी ऑफिसात होतो, आणि गाडी चालू करून बघितली तेव्हा डायनामोच्या कटआऊटचे, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळाले. त्याचा मला तेव्हा फार त्रास झाला. पण त्या पोराने उभ्या आयुष्यात अशी गाडी बघितली नव्हती, सांगायला हवं होतं मी. आता बॅटरीच्या झाकणावर लाल ऑइलपेंटने मोठं लिहिलंय, प्लस बॉडीला.

हां, तर महिरावणी.

पहिल्या रविवारी बंद पडली तेव्हा माझा संशय सरळ उष्णतेवर गेला. ह्या इंजिनाला कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर वर आणि लाल होणारं लोखंड त्याच्या खाली. मे महिन्यात नाशिकला पारा ४० च्या आसपास गेला की बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळायला लागतं, नळीत वाफ होते, आणि वाफेने इंजिन चालत नाही. म्हणून अंबडमधून हायलमची, म्हणजे उष्णता न जाऊ देणाऱ्या बेकेलाइटसारख्या पदार्थाची, जाड शीट आणली आणि कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मध्ये बसवायचे दोन ठोकळे कापले, भोकं पाडली, कडा घासल्या. मूळच्या हीट शिल्डच्या मागच्या बाजूला उष्णतारोधक कापड लावलं. दोन संध्याकाळी गेल्या पण काम इतकं छान झालं की मी फोटो काढून ठेवलेत. दुसऱ्या रविवारी निघालो. बेळगाव ढगाच्या फाट्याला बंद.

मग ई२०. ह्याबद्दल आपल्या जुन्या गाड्यावाल्यांनी खरंच गंभीर व्हायला पाहिजे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल म्हणजे १९५८ च्या रबराला ते विष आहे. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आतून फुगवतं, मऊ करतं, मग आतून काळे पापुद्रे सुटतात आणि पंपाच्या जाळीत नाहीतर फ्लोटच्या नीडलखाली, म्हणजे चेंबर भरलं की पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली, जाऊन बसतात. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवली तर पाणी टाकीच्या तळाशी जातं आणि तिथे पत्रा गंजतो. म्हणून मी जूनच्या आधी टाकी गच्च भरून ठेवतो, हवेला जागाच नको. आणि तिसरं म्हणजे इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोल सोडणारं तेच जेट, जेटमधली तीच नीडल असली तरी मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, गाडी गरम चालते, पिकअपला अडखळते.

नळ्या कापून बघितल्या तर खरोखर आतून साल सुटलेली होती. बोटाने दाबलं की चिकट काळं. सगळ्या नळ्या बदलल्या, इंजेक्शनच्या गाड्यांना लावतात त्या जातीच्या लावल्या, टाकी उतरवून धुतली, पंपाची जाळी साफ केली, दोन्ही फ्लोटच्या नीडल नवीन. जी कामं केली त्यातलं एकही वाया गेलेलं नाहीये, ती करायचीच होती. पण तिसरा रविवार, बंद. चौथा रविवार, महिरावणी, बाभूळ.

त्या दिवशी परत येताना तशीच वडाळा नाक्याला घेतली. चाचा खाटेवर बसले होते. मी सगळं सांगायला लागलो, हायलम, नळ्या, ई२०, नीडल, एका दमात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि एकच विचारलं.

"बंद पडली तेव्हा पंप बोलत होता का?"

मी गप्प.

आता हे समजायला पंपाबद्दल सांगावं लागेल. ह्या गाडीत एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप आहे, मागे सीटच्या पाठीशी खाली. किल्ली फिरवली की तो टकटकटकटक असा बोलायला लागतो, आतमध्ये एक पडदा कॉइलने ओढला जातो, सुटतो, प्रत्येक टकेला घोटभर पेट्रोल पुढे. दोन्ही फ्लोट चेंबर भरले की नीडल बंद होतात, नळीत दाब बसतो आणि पंप आपोआप थांबतो. चालताना मग अधूनमधून एखादी टक. म्हणजे पंप थांबला तर पुढे पेट्रोल भरलेलं आहे. पेट्रोल संपलं, नळी फुटली, वाफ झाली, तर तो थांबतच नाही, वेड्यासारखा टकटकत राहतो कारण ढकलायला समोर काही सापडत नाही.

मी डोळे मिटून ती बाभूळ आठवली. पाण्याची बाटली, रस्त्यावरून गेलेली एसटी, शेतातला इंजिनाचा आवाज, आणि किल्ली चालूच होती, मी बंद केली नव्हती. पंप गप्प होता. चारही वेळा गप्प होता.

"मग पेट्रोल होतं ना," चाचा म्हणाले. "ज्याच्याकडे जेवण आहे त्याला तू परत परत वाढतोय. करंट कुठंय ते बघ. पहिले करंट, मग पेट्रोल. कितीदा सांगितलं."

गाडी अजून गरम होती म्हणून त्यांनी तशीच चालू ठेवायला सांगितली, बॉनेट बंद करून, उन्हात. पंधरा मिनिटांनी झटके सुरू झाले. बंद पडल्यापडल्या चाचांनी प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रीब्युटरची टोपी काढली, रोटर उपसला, मला किल्ली चालू करायला लावली आणि पातळ स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट हळूच उघडला. पॉइंटच्या फटीत पिवळी, जाड, आळशी ठिणगी. परत उघडला. परत तीच. त्यांना डोळ्याने नीट दिसत नाही, ते त्या ठिणगीचा आवाज ऐकत होते, चर्र असा.

"कंडेन्सर," म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलमधला करंट एकदम तुटला पाहिजे, तुटला तरच कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पण करंट असा सहजासहजी तुटत नाही, तो पॉइंटच्या फटीतून उडी मारायला बघतो. ती उडी कंडेन्सर झेलतो. करंगळीच्या पेराएवढी ॲल्युमिनियमची डबी, आत कागद आणि वर्ख गुंडाळलेला. तो निकामी झाला की ठिणगी प्लगला पडायच्या ऐवजी पॉइंटलाच पडत राहते. आणि गरम झाल्यावर आतलं गुंडाळणं सुटणारा कंडेन्सर थंड झाला की परत बरा होतो. वीस मिनिटं. बाभळीखाली मी बसलो होतो तेवढाच वेळ.

मला वाईट ह्याचं वाटलं की तो कंडेन्सर नवा होता, मीच मार्चमध्ये पॉइंटबरोबर बदलला होता, नवीन आहे म्हणून तो संशयाच्या यादीतच नव्हता. कुठल्या ब्रँडचा ते लिहीत नाही, एका डबीवरून कुणाला नावं ठेवायची नाहीत, पण जुन्या गाडीत नवा पार्ट टाकला की जुना फेकू नका, खिशात ठेवा. मी जुना फेकला होता.

चाचा उठले, शेडच्या आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक पार्ले बिस्किटांची पत्र्याची डबी घेऊन आले. आत लुकास टीव्हीएसचे कंडेन्सर, ॲम्बॅसिडरचे, कागदात गुंडाळलेले, कागद पिवळा पडलेला. सात होते. एक काढला, फुंकर मारली, डब्यातल्या तेलकट फडक्याने पुसला. क्लॅम्पचं भोक आमच्या डिस्ट्रीब्युटरला थोडं लहान पडत होतं, ते गोल कानशीने घासून मोठं केलं, बसवला. पॉइंट जळून एका बाजूला टेकाड आणि एका बाजूला खड्डा झाला होता, ते घासून सपाट केले, १५ थाऊवर सेट केले. मग परत तशीच उन्हात, बॉनेट बंद, अर्धा तास. पाऊण तास. चाचांनी दुसरा चहा सांगितला. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

मी त्यांना म्हटलं चाचा, सगळी डबी मला द्या, तुम्ही म्हणाल ते पैसे देतो. त्यांनी दोन दिले, एक जादा म्हणून, आणि डबीचं झाकण लावलं. "बाकीचे राहू दे. अजून तीन ॲम्बॅसिडर येतात माझ्याकडे." ॲम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ ला बंद झालं. त्या तीन गाड्यांची वाट बघत तो माणूस डबी सांभाळून बसलाय. मी परत काही मागितलं नाही.

पुढच्या शनिवारी घरी कार्बोरेटर जुळवायला घेतले, कारण ई२० चं पातळ मिश्रण तर खरं होतंच. दोन एसयू कार्बोरेटर म्हणजे बैलजोडी, दोघांनी सारखं ओढलं पाहिजे. ते ऐकून जुळवायचं असतं. आमच्या मेहुण्याचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं आहे, त्याच्या बागेतून ठिबकच्या लॅटरल नळीचा हातभर तुकडा आणलाय, त्याचं एक टोक कानाला आणि एक कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत हवा जाताना सूं आवाज येतो. पुढच्याचा आवाज ऐकायचा, मागच्याचा ऐकायचा, थ्रॉटलचा स्क्रू इकडे तिकडे, दोन्ही सूं एका पट्टीत येईपर्यंत. माझा डावा कान कंपनीच्या प्रेसशॉपमुळे थोडा कमी झालाय, म्हणून आता हे काम मुलगी करते. दहावीला आहे, तबला शिकते. डोळे मिटून ऐकते आणि म्हणते, "बाबा, मागचा वर आहे," आणि तो वर असतोच.

मग मिश्रण. कार्बोरेटरच्या आत एक पिस्टन असतो, तो पातळ स्क्रू ड्रायव्हरने जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा आणि इंजिन काय म्हणतं ते ऐकायचं. उचलल्यावर आवाज क्षणभर चढून परत जागेवर आला तर बरोबर. चढला आणि चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. पडला, बंद पडायला लागला, तर पेट्रोल कमी. आमचा दोन्हीकडे पडत होता. खालचा जेटचा नट दोन-दोन फ्लॅट खाली घेतला, षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे एक फ्लॅट, म्हणजे एक षष्ठांश फेरा. परत उचलला. चढला, आणि बसला. मुलीने लॅटरल खाली ठेवला आणि हात पुसले.

रविवारी सकाळी गाडी वडाळा नाक्याला नेली आणि चाचांना म्हटलं चला. चौदा वर्षांत ते ह्या गाडीत फिरायला म्हणून एकदाही बसले नव्हते, ट्रायल मारायला बसलेत फक्त. नको नको म्हणाले, मग टोपी घेऊन आले. ह्या गाडीला बाहेरून दाराला हँडल नसतं, आत हात घालून दोरी ओढावी लागते. येणाराजाणारा शोधत बसतो, चाचांनी न बघता हात घातला आणि दार उघडलं.

त्र्यंबक रोडला त्या दिवशी हवा बरी होती. महिरावणी आली तेव्हा मी काही बोललो नाही, बाभूळ मागे गेली. चाचा एका हाताने टोपी धरून दुसरा हात डॅशबोर्डवर ठेवून बसले होते, बघायला नाही, हाताला इंजिन लागावं म्हणून. अंजनेरीच्या फाट्याला थांबलो, दोन चहा घेतले, समोर डोंगरावर ढग उतरायला लागले होते. गाडी चांगली तापलेली, बॉनेटमधून वास येत होता तेलाचा.

परत निघायला बसलो, किल्ली फिरवली. मागून टकटक सुरू झाली, सहा-सात झाल्या, मग मंदावली आणि थांबली. आम्ही दोघंही ऐकत होतो.

"ओढ," चाचा म्हणाले.